मदत हवी आहे: बुलेटच्या चामडी सॅडलबॅगा ढेपाळल्यात, आतून ताठ अस्तर कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. रोजचं फिरणं २०१३ च्या क्लासिक ३५० वर. पाटणपासून वर कोयनानगरपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर जातो, दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज होतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या सॅडलबॅगा आहेत. नऊ वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका कारागिराकडून मापं देऊन शिवून घेतल्या होत्या. शिवण आजही एका टाक्यानं उसवलेली नाही. त्यांनी आता काम थांबवलंय, त्यामुळे पुन्हा तशा मिळायच्या नाहीत, आणि रेक्झिनच्या घ्यायच्या माझ्या मनात नाही.

अडचण अशी. बॅगांचा आकार गेलाय. खालचा तळ पोटासारखा लोंबतो, मागची बाजू चाकाकडे झुकते आणि वरची कड दोन बोल्टांच्या मध्ये झोळीसारखी खाली येते. आत माझं सामान जड असतं. ४५० मिलीच्या कॅल्शियमच्या पाच-सहा बाटल्या, सलाईनचे सेट, इंजेक्शनं, दोर, गमबूट. एका बॅगेत सहा ते आठ किलो धरा. व्यालेली गाय कॅल्शियम कमी होऊन आडवी पडली की मालक फोन करतो, तिथे पोहोचून बॅग उघडावी तर सगळ्या बाटल्या तळाच्या खोलगटात एकमेकींवर पडलेल्या. गेल्या महिन्यात एका बाटलीचं बूच निघालं आणि अख्खी बॅग चिकट झाली.

बॅगेचं आतलं माप: लांबी ३८ सेंमी, उंची २८ सेंमी, रुंदी १४ सेंमी. झाकणाला दोन बकलं. मागच्या बाजूला वर तीन भोकं आहेत, त्यांतून बोल्ट जाऊन सीटखालच्या पट्टीला बसतात.

विचारायचं आहे ते असं. अस्तराला कोणतं शीट घेऊ? ४ मिमी प्लाय, सनबोर्ड, सनपॅक, अॲल्युमिनियम असं सगळं ऐकून झालंय. चामड्याला चिकटवायचं की सुटं ठेवायचं? आणि चामडं ताणलं गेलंय ते पुन्हा जागेवर आणता येतं का? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर बॅगा वाळतच नाहीत.

चामडं चांगलं राहावं म्हणून दर दोन महिन्यांनी खोबरेल तेल लावतो.

पत्रेवाला:
डॉक्टर, प्लाय नको. वॉटरप्रूफ म्हणून विकत घेतलात तरी कापलेल्या कडेतून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत पदर सुटतात. सनबोर्ड म्हणजे फोमचं शीट, हलका असतो, पण बाटलीच्या बुडाखाली दबतो. सनपॅक म्हणजे आतून पोकळ नळ्यांचं शीट. घडी छान पडते, पण आठ किलो झेलणार नाही.

मी १ मिमी अॲल्युमिनियम सुचवेन, कडा दुमडून. फक्त काचेच्या वस्तू असतील तर आतून फोम लावावा लागेल, नाहीतर खडखडाट आणि फुटाफूट. एक विचारतो, दोन्ही बॅगा सारख्याच ढेपाळल्यात का?

धागाकर्ता:
नाही, उजवी बरीच जास्त. डावीचं फक्त पोट सुटलंय, उजवी आत ओढली जाऊन शॉक ॲब्झॉर्बरवर घासते. तिथे चामडं पातळही झालंय.

पत्रेवाला:
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. डाव्या बाजूला साडीगार्ड आहे, बॅग त्याच्यावर टेकते. उजव्या बाजूला टेकायला काहीच नाही, शॉक ॲब्झॉर्बर आणि खाली सायलेन्सर. अस्तर कितीही ताठ केलंत तरी उजवीकडे आधी लोखंडी स्टे, म्हणजे बॅग टेकायला आधार, बसवा. १० मिमी सळई वाकवून कुठलाही फॅब्रिकेशनवाला तासाभरात करून देतो. शॉक ॲब्झॉर्बरच्या वरच्या बोल्टला आणि मागच्या मडगार्डच्या बोल्टला पकडायचा. बॅगेचा तळ सायलेन्सरपासून चार बोटं तरी वर राहील हे बघा. चामडं तापलं की आकसतं आणि मग कडक होऊन तडकतं.

रापी_आरी:
मी पुण्यात चामड्याचं काम करते, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, खोबरेल तेल थांबवा. तेल चामड्याच्या तंतूंच्या मध्ये जाऊन बसतं आणि तंतू एकमेकांवरून सरकायला लागतात. चपलेच्या पट्ट्याला तो मऊपणा हवा असतो, वजन झेलणाऱ्या पिशवीला नको. नऊ वर्षं दर दोन महिन्यांनी म्हणजे पन्नासहून जास्त वेळा तेल गेलंय. आता वरून मेणाचं पॉलिश पुरे, तेही पावसाळ्याआधी आणि नंतर.

दुसरं, चामडं कोणत्या प्रकारे कमावलंय ते बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला रापीनं अगदी छोटी कड छाटा आणि मधला थर पाहा. आतपर्यंत बदामी असेल तर ते झाडाच्या सालीवर कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते ओलं करून साच्यावर ताणलं आणि सावलीत वाळवलं की घेतलेला आकार धरतं. मधला थर निळसर राखाडी दिसला तर क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ते मुळातच मऊ असतं, ओलं करून वाळवलं तरी पुन्हा ढिलं पडतं. कुणी उकळत्या पाण्यात बुडवायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका. शिवलेली बॅग एकसारखी आकसत नाही, टाक्यांपाशी फाटते.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. लोक आत खोका करून ठेवतात आणि म्हणतात बॅग ताठ झाली. पण खोक्याचं वजन चामड्यावरच लटकत राहतं. तुमची वरची कड तीन बोल्टांवर टांगलेली आहे, सगळा भार त्या तीन भोकांभोवतीच्या चामड्यावर येतो. म्हणून मागची फळी त्याच भोकांतून बोल्टनं पकडा. चामडं मध्ये, आतून फळी, आणि फळीच्या आत वरच्या कडेला २५ मिमी रुंद, ३ मिमी जाडीची अॲल्युमिनियमची पट्टी सलग लावा. पट्टीचं वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास येईल. बाहेरून मोठे वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले), कारण साधा नट बुलेटवर हलत हलत सुटतो. मग भार फळी घेईल, आणि चामडं फक्त वरचं कातडं म्हणून राहील. इतकी वर्षं ज्या कामासाठी ते शिवलेलं नव्हतं तेच काम ते करत आलंय.

चिकटवू नका. सोल्यूशन लावलंत की फळी आणि चामड्यामध्ये ओल अडकते आणि कोयनेच्या पावसात महिन्याभरात बुरशी. सुटं असलं की काढून वाळवता येतं.

ओतकाम:
आमचं प्लास्टिक शीटचं काम आहे. ३ मिमी एचडीपीई घ्या, हे एक चिवट प्लास्टिक. पाणी पीत नाही, थंडीत तडकत नाही, औषध सांडलं तरी धुऊन मोकळं. ॲक्रिलिक नको, हादऱ्यानं भोकापासून चीर जाते.

पाची बाजू करायची गरज नाही. दोन तुकडे करा. मागची फळी ३८ × २८, आणि १४ सेंमी रुंदीची एक लांब पट्टी यूसारखी वाकवून, २८ + ३८ + २८ म्हणजे ९४ सेंमी. समोरची बाजू मोकळी ठेवा, बकलं ओढली की ती आपोआप ताणली जाते. दोन्ही मिळून वजन पावणेसातशे ग्रॅम. १ मिमी अॲल्युमिनियम आणि ४ मिमी प्लाय यांचंही वजन साधारण तेवढंच येतं, त्यामुळे वजनावरून निवड करू नका.

वाकवताना हीट गननं रेषेवर सावकाश तापवा, शीट अर्धपारदर्शक चमकायला लागलं की लाकडी फळीच्या कोपऱ्यावर दाबून धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. आधी पुठ्ठ्याचा साचा करून बॅगेत घालून बघा. एचडीपीई उन्हात बरंच फुगतं, ४० सेंमीला ३० अंशांच्या फरकात जवळजवळ २ मिमी. म्हणून सगळीकडून ४-५ मिमी कमी कापा आणि बोल्टची भोकं किंचित मोठी पाडा. कोपरे गोल करा, नाहीतर तेच कोपरे आतून शिवण कापतील. कडांना जुनी सायकलची ट्यूब उभी चिरून चढवा.

निळे ड्रम कापून शीट काढतात काही जण. तुम्ही औषधं नेता, ड्रममध्ये आधी काय होतं कळत नाही, तेव्हा नवीनच घ्या. दोन तुकडे जोडायला चिकटद्रव्य चालणार नाही, एचडीपीईला काही धरत नाही. पॉप रिवेट किंवा झिप टाय.

सातासमुद्रापार:
मी न्यू जर्सीत असतो, इथे चामडी बॅगा लावणारे बरेच जण स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा कटिंग बोर्ड कापून मागची फळी करतात. तोही बहुतेकदा एचडीपीईच असतो. एक भर घालतो, तळाला चार-पाच भोकं ८ मिमीची ठेवा, पाणी साचणार नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार गेले, आता सांगण्यासारखं झालंय.

ताई, कड छाटून बघितली. पट्टे आतपर्यंत बदामी, पण पिशवीचं अंग निळसर राखाडी. म्हणजे आकार परत येणार नाही हे मान्य करून सगळा भार फळीवरच टाकायचा ठरवला. तेल बंद केलंय.

उजव्या बाजूला स्टे बसवला, तळ आणि सायलेन्सरमध्ये आता चार बोटं अंतर आहे. एचडीपीईचे दोन तुकडे कराडहून कापून आणले. पहिली घडी घाईत तापवली, ती कोपऱ्यात पातळ पडली, पट्टी पुन्हा आणावी लागली. दुसऱ्या वेळी सांगितलं तसं चमक येईपर्यंत थांबलो आणि नीट बसली. पट्टी, मोठे वायसर, नायलॉक नट, सगळं सांगितल्याप्रमाणे. आतून जुन्या योगा मॅटचे तुकडे घातलेत आणि बाटल्यांसाठी मॅटच्याच उभ्या पट्ट्यांचे सहा कप्पे केलेत.

काल हेळवाकच्या वर एका वस्तीवर गेलो होतो, शेवटचे चार किलोमीटर नुसते दगडगोटे. बॅग उघडली तेव्हा सहाही बाटल्या उभ्या होत्या. रात्रीची वेळ, गाय थंड पडत चाललेली. हात घालताच बाटली सापडली. तासाभरात गाय उठून उभी राहिली.

डावी बॅग पुढच्या रविवारी करतोय. एक शंका आहे. झाकणही मध्यभागी खोलगट झालंय आणि पाणी साचतं. तिथे शीट घातलं तर बकलं लावताना झाकण वळत नाही. सनपॅकच्या अरुंद पट्ट्या आडव्या लावून चालेल का, की झाकणाला दुसरं काही करतात?

रापी_आरी:
पट्ट्या चालतील, पण बॅगेच्या लांबीला समांतर लावा म्हणजे झाकण वळायचं त्याच दिशेनं वळेल. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर जागा सोडा. झाकणाच्या आत पातळ कापडाचं अस्तर शिवून त्यात खिसे करा आणि पट्ट्या खिशात सरकवा. झाकणावर भार नसतो, तिथे एवढं पुरेल. शिवताना कारागिराच्या जुन्याच भोकांतून आरी घाला, नवीन भोकं पाडू नका.