स्पिनिंग रीलवरची तंगूस पिळवटते, दर आठ-दहा फेकींनंतर गुंता – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले तीन रविवार रीलच्या गुंत्यापुढे हात टेकलेत, म्हणून हा धागा. इथे गळाने मासे धरणारे बरेच जण आहेत, कुणीतरी वाट दाखवा.

थोडं मागचं सांगतो. माझे बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. लहानपणी खाडीवर गरवायला जायचे, तेही हातातल्या दोरीने. काठी, रील असलं काही नाही. नोकरीसाठी पुण्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं गरी हातात धरायला मिळाली नाही. यंदा त्यांना सत्तर पूर्ण झाली. गुडघे दुखतात, पण भोरजवळ माझ्या मित्राचं शेततळं आहे, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत. तिथे काठावर खुर्ची टाकून आरामात बसता येतं. म्हणून त्यांना रॉड आणि रील घेऊन दिली. पहिल्याच दिवशी रोहू लागला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता मात्र मी गुंता सोडवत बसतो आणि ते गप्प राहून पाण्याकडे बघत बसतात. मला ते बघवत नाही.

रील २५०० साइझची, गिअर रेशो ५.२:१, स्पूलवर (तंगूस गुंडाळायच्या रिळावर) ०.२५/१६० असं छापलंय. भरलीय ०.३५ मिमीची साधी नायलॉन तंगूस. मोठा मासा तोडून नेईल या भीतीने जाड घेतली. १०० मीटरची गुंडाळी आणली आणि ती संपेपर्यंत भरली. पुढे एक शिसं, त्याखाली गळ, आमिष कणकेचा गोळा.

होतं असं की फेकताना स्पूलवरून पाच-सहा वेढे एकदम सुटतात आणि रॉडच्या पहिल्या कडीत जाऊन अडकतात. गुंता नसला तरी तंगूस जरा सैल पडली की स्वतःभोवतीच पिळवटते, दोर वळताना पदर एकमेकांवर चढतात तशी. काल रात्री दिव्याखाली धरून पाहिलं. तंगूस स्पूलच्या कडेच्याही थोडी वर आलीय, आणि एका जागी नखाएवढं वेटोळं दोन थरांमधून बाहेर डोकावतंय. अंगठ्याने दाबलं की बसतं, अंगठा काढला की परत वर.

गरम पाण्यात बुडवून झाली, एक दिवस बरं वाटलं. ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस सुटू देणारा ब्रेक) घट्ट करून पाहिला, सैल करून पाहिला. तंगूस खराब आहे, रील खराब आहे की आमची पद्धतच चुकतेय? रविवारी परत भोरला जायचंय.

प्रतिसाद

तंगूस जाड आहे आणि जास्तही भरलीय, तिथूनच सुरुवात करा. ०.२५ ची १६० मीटर म्हणजे ०.३५ ची जेमतेम ८० मीटर, कारण जागा जाडीच्या वर्गाने लागते. तुम्ही १०० कोंबलीत, ती सुटणारच. कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली राहील इतकीच भरायची. शिवाय ०.३५ या साइझच्या स्पूलला ताठ पडते, वेढा नीट बसत नाही. तळ्यातल्या रोहूला ०.२५ पुरते, ड्रॅग नीट लावलेला असला म्हणजे झालं.

भरताना गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवा, तंगूस चिमटीत ताणून धरा. पंधरा-वीस वेढे झाले की थांबून सैल सोडा. पिळवटली तर गुंडाळी उलटी करा आणि पुढे भरा.

जुनी तंगूस बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका, तळ्याकाठी अजिबात नको. बगळ्याचा पाय अडकलेला मी पाहिलाय.

प्रतिसाद

एक विचारू का? मासा लागल्यावर बाबा नेमकं काय करतात? आणि फेकून झाल्यावर बेल (तंगूस स्पूलवर वळवणारी तारेची कमान) कशी मिटवतात?

धागाकर्ता

मासा ओढत असला तरी ते हँडल फिरवतच राहतात. ड्रॅगचा क्रर्र आवाज येत असतो. बेल हँडल फिरवूनच मिटते ना?

प्रतिसाद

मग पीळ तिथूनच येतोय. स्पिनिंग रीलमध्ये गुंडाळताना स्पूल फिरत नाही, रोटर (बेल बसवलेला भाग) तिच्याभोवती फिरून वेढा घालतो. ड्रॅग सुटत असताना हँडल मारलं तर तंगूस आत येत नाही, पण रोटरच्या प्रत्येक फेरीला एक पीळ चढतो. तुमचा रेशो ५.२, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला रोटरच्या ५.२ फेऱ्या; घाबरून हँडलचे ३० फेरे मारले की दीडशेच्या वर पीळ! एका माशात तंगुसाची सुतळी होते.

मासा ओढतोय तोवर हँडल सोडून द्यायचं, फक्त रॉड वाकलेला ठेवायचा. तो थांबला की रॉड सावकाश वर उचलायचा आणि खाली आणताना गुंडाळायचं. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर सुटायला हवा. ४ किलोची तंगूस असेल तर बॅगा मोजायच्या काट्याला बांधून ओढा, एक-सव्वा किलोला सुटली की बास.

बेल हाताने मिटवा, आणि गुंडाळण्याआधी तंगूस बोटाने एकदा ताणून घ्या. हँडलने मिटवली की सैल वेढा आत राहू शकतो. तुम्ही म्हणताय ते वेटोळं बहुतेक तेच. आणखी एक, बेलच्या टोकाचा छोटा रोलर फिरतोय का बघा. तो अडकला तरी पीळ चढतो, तंगूस घासते ते वेगळंच.

धागाकर्ता, रविवार रात्री

आत्ताच भोरहून आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

रोलर खरंच जाम होता. तंगूस हाताने ओढून पाहिली तर ती त्याच्यावरून नुसती सरकत होती, तो जागचा हलत नव्हता. मोबाइलवर फोटो काढत एकेक भाग सुटा केला, नाहीतर वॉशर कुठे होता ते आठवलं नसतं. आत वाळलेला चिखल आणि केसासारखा एक धागा गुंडाळलेला निघाला. पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला, आता बोट लावलं की फिरतो. जुनी तंगूस काढून टाकली. ०.२५ ची दीडशे मीटर भरली, वीस वेढ्यांना तपासली, कडेपासून दोन मिलिमीटर खाली ठेवली.

सकाळी सात ते अकरा, पन्नासच्या आसपास फेकी झाल्या आणि गुंता फक्त एकदा. तोही वाऱ्याने, आणि तीन मिनिटांत सुटला. दोन मृगळ आणि एक रोहू.

बाबांना हँडल सोडून द्यायला सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं. पण बेल मिटवून तंगूस ताणून घ्या म्हटलं, तर त्यांनी ती बोटातच धरून ठेवली. म्हणाले, "खाडीवर दोरी बोटातच असायची, मासा आधी बोटाला कळतो." मग रोहू ओढायला लागला तेव्हा मी काही बोलायच्या आत त्यांनी हँडलवरचा हात काढला होता.

आता एकच अडचण उरलीय. रोलरवर जुन्या तंगुसाची बारीक चरी पडलीय, नख फिरवलं की लागते. पुण्यात नुसता रोलर कुठे मिळेल का? बोहरी आळीत आणि नाना पेठेत विचारायचा विचार आहे. रीलचं सुटं सामान ठेवणारं दुकान कुणाला माहीत असेल तर कळवा, पुढच्या रविवारच्या आत बदलायचाय.