जिथे मासेमारी अजून चालू आहे, अशी किनाऱ्यावरची गावे कोणती?

किनारावेडी: नमस्कार. पुढच्या वर्षी दहा-बारा दिवसांची सवड काढून परदेशातले मासेमारांचे एखादे गाव निवांतपणे पाहावे, असे आमच्या मनात आहे. छायाचित्रांत देखणी दिसणारी गावे पुष्कळ सापडतात, परंतु तिथल्या होड्या शोभेसाठी बांधून ठेवल्या आहेत की रोज पाण्यात उतरतात, हे त्यांवरून कळत नाही. घरांची ठेवणसुद्धा मासेमारीवरूनच ठरलेली आहे, असे गाव कोणी पाहिले असल्यास कृपया सांगावे, आणि कोणत्या महिन्यात जावे हेही लिहावे.

उत्तरवारा: आपली अट वाचून मला नॉर्वेची लोफोटेन बेटेच आठवली. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालण्यासाठी या बेटांपाशी येतो आणि सारा किनारा कामाला लागतो. माशाचे डोके काढून, शेपट्यांना दोरी बांधून दोन-दोन मासे जोडीने उंच लाकडी वलांड्यांवर टांगतात. मीठ मुळीच लावत नाहीत. हवा शून्य अंशाच्या आगेमागे राहत असल्याने मासा सडत नाही, गोठून फुटतही नाही, आणि उन्हाळा लागेपर्यंत वाऱ्यावर वाळून लाकडासारखा टणक होतो. मी रेने गावाबाहेर अशा एका वलांडीखाली बराच वेळ उभा होतो. वाऱ्याची झुळूक आली की डोक्यावरचे शेकडो मासे एकमेकांवर आपटून कोरडा खडखडाट होई, आणि वास तर दुसऱ्या दिवशीही कोटाला होता.

पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या तांबड्या लाकडी खोल्यांना तिथे ‘रोरबू’ म्हणतात. हंगामापुरत्या येणाऱ्या मासेमारांसाठी त्या बांधल्या गेल्या. आता त्यांतल्या बऱ्याच पाहुण्यांना भाड्याने देतात. मार्चमध्येच जावे, असा माझा आग्रह आहे. जुलैत डोंगर हिरवे असतात, पण वलांड्या रिकाम्या असतात.

सागरिका: घरांच्या ठेवणीबद्दल विचारले आहे, म्हणून जपानच्या क्योतो प्रांतातले इने सुचवते. उपसागराच्या कडेने सुमारे २३० ‘फुनाया’ दाटीने उभ्या आहेत. खालच्या मजल्यावर होडी आणि वर माणसांची वस्ती, अशी त्यांची रचना आहे. खालची जमीन समुद्राकडे उतरती केलेली असते, त्यामुळे होडी पाण्यातून थेट घरात ओढून घेता येते. इतक्या पाण्यालगत घर बांधणे कसे परवडते, याचे मला फार कुतूहल होते. जपानच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा, जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. शिवाय उपसागराचे तोंड दक्षिणेकडे असून त्यातच एक बेट आडवे आहे, त्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत. २००५ पासून ही वस्ती सरकारने जतनासाठी संरक्षित केली आहे. मात्र ही लोकांची राहती घरे आहेत. उघड्या दारातून आत डोकावू नये, एवढे कृपया पाळावे.

दर्यावर्दी: माल्टातले मार्साश्लोक्कही पाहावे. पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांच्या ‘लुत्सू’ होड्यांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे काढलेले असतात. समुद्रात त्यांनी वाट राखावी, ही जुनी श्रद्धा. रविवारी धक्क्यावर मासळीबाजार भरतो, तिथे सकाळी लवकर पोहोचावे. इटलीतले वेर्नात्सा देखणे आहे यात शंका नाही, परंतु तिथला चरितार्थ आता मुख्यतः पर्यटकांवर चालतो, त्यामुळे आपल्या अटीत ते बसणार नाही.

किनारावेडी: सर्वांचे मनापासून आभार. इने पुढच्या खेपेसाठी राखून ठेवते आणि आता लोफोटेनचेच ठरवते. मार्चमध्ये तिथे फिरण्यापुरता उजेड असतो का?

उत्तरवारा: असतो. २० मार्चच्या सुमारास तिथेही दिवस जवळजवळ बारा तासांचा होतो, आणि रात्र पुरेशी काळोखी असल्याने आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. रस्त्यांवर बर्फ असतो, म्हणून दोन गावांमधल्या प्रवासाला वेळ हातात ठेवावा.