शब्दचर्चा : ‘संसार’ कुठे काय होतो

बाबांच्या ऑपरेशननंतर चार रात्री मी रुग्णालयात झोपायला होते. रात्रपाळीला दोन केरळी नर्स. एकदा धाकटीचा आवाज जरा चढला, तशी थोरलीने तिला दटावलं, “संसारिक्करुतु!” त्यातला ‘संसार’ मला लख्ख ऐकू आला. सकाळी विचारलं, तर म्हणाली, “बोलू नकोस, एवढंच म्हटलं.” मल्याळममध्ये ‘संसारम्’ म्हणजे बोलणं. घरदार नाही, जग नाही, निव्वळ बोलणं. तेव्हापासून हा शब्द पाठ सोडत नाही.

मुळात संस्कृत ‘सृ’ धातू, अर्थ सरकणे, वाहणे. सरिता, प्रसार त्यातलेच, आपलं ‘सरणे’ही. त्याला ‘सम्’ लागून संसार : एका जन्मातून दुसऱ्या जन्मात वाहत राहणं. म्हणजे ज्यातून सुटायचं, ते. हिंदीने त्यातला ‘जग’ हा अर्थ उचलला. म्हणून हिंदी माणूस ‘घर बसाना’ म्हणतो, ‘गृहस्थी’ म्हणतो; आपण ‘संसार थाटला’ म्हणतो तसा त्याचा संसार थाटला जात नाही. कन्नड आणि बंगाली मात्र आपल्या बाजूला, तिथेही संसार म्हणजे घरप्रपंच. (‘प्रपंच’ची गंमत वेगळीच आहे. कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे जग आणि संसार म्हणजे कुटुंब. हिंदीत संसार म्हणजे जग आणि प्रपंच म्हणजे भानगड. दोन शब्दांनी जणू घरं बदलून घेतली.)

तमिळमध्ये बोलताना ‘संसारम्’ म्हणजे चक्क बायको. ऐकून नवल वाटलं, पण आपल्याकडेही जुनी माणसं ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणायची आणि ऐकणाऱ्याला कळायचं की बायको गेली आहे. ‘मंडळी’ही तशीच. घराचं नाव घरच्या बाईला देऊन टाकायचं, ही चाल दोन्हीकडे एकच.

खरा प्रवास समुद्रापलीकडचा. मलय आणि इंडोनेशियन भाषांत हा शब्द ‘संगसारा’च्या जवळचा उच्चार घेऊन बसलाय आणि अर्थ आहे हालअपेष्टा, यातना. थाई भाषेत ‘सोंगसान’ म्हणजे कीव येणे. लंगडं कुत्रं दिसलं की थाई माणूस हाच शब्द म्हणेल. जन्ममरणाचा फेरा सांगायचा असेल, तर त्यांना आधी ‘वट्ट’ जोडावं लागतं : ‘वट्टसोंगसान’. आणि कंबोडियात, ख्मेर भाषेत, तोच शब्द प्रियकर-प्रेयसीसाठी!

यातना, कीव, प्रेम. पहिल्यांदा ही तीन टोकं वाटतात. मला तसं वाटत नाही. जन्माचा फेरा दुःखाचा, म्हणून यातना. त्यात सापडलेल्या जिवाकडे पाहून पोटात तुटतं, म्हणून कीव. आणि ज्याच्यासाठी तुटतं तो आपला होतो. हा माझा अंदाज आहे. पण आपल्या ‘माया’चं काय झालं ते बघा. वेदान्तातली माया म्हणजे भ्रम. मराठीत ती आईची माया झाली. कुणी ‘बरीच माया जमवली’ तर ती पैसा झाली. आणि शिंपी शिवणीच्या आत जादा कापड सोडतो, अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्यालाही माया म्हणतात. इतका सुंदर अर्थ कुणी ठरवून दिला नसता.

मराठीत संसाराला आपण कोणती क्रियापदं लावतो, ती पाहिली की आपण काय केलंय ते कळतं. मांडणे, थाटणे, करणे, ओढणे, रेटणे, सावरणे, मोडणे. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीपासून संतांच्या मराठीत संसार हा तरून जायचा सागर आहे. बायकांच्या बोलण्यात तो हाताने करायचा आहे : “चाळीस वर्षं संसार केला मी!” चूल मांडावी, भातुकली मांडावी, तसा तो मांडला जातो. ज्यात माणूस अडकतो ते एकीकडे आणि जे माणूस उभं करतो ते दुसरीकडे, दोन्ही एकाच शब्दात, एकाच घरात. सकाळी हरिपाठात एक, दुपारी स्वयंपाकघरात दुसरा. ‘मूळ अर्थ बिघडला’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बिघडला नाही, वापरून मऊ झाला.

आणि आपण त्याच्याही पुढे गेलो. संसार म्हणजे वस्तू! टेम्पोत संसार भरतात. पंचनाम्यात ‘संसारोपयोगी साहित्य’ लिहितात. 2019 च्या ऑगस्टात सांगलीला पूर ओसरल्यावर मी आत्याकडे गेले. तिने अंगणात कळशी, दोन पातेली, पोळपाट आणि चिखलाने भरलेला मिसळणाचा डबा उन्हात मांडला होता. म्हणाली, “एवढाच संसार ऱ्हायला बघ.” जन्ममरणाचा फेरा सांगणारा शब्द पोळपाटापर्यंत आला होता आणि तिच्या तोंडी तो जराही लहान वाटला नाही.

एक विचारायचं आहे. तंजावरची मराठी बोलणारं कुणी हे वाचत असेल, तर सांगाल का? पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारात राहून तुमच्या घरात ‘संसार’ म्हणजे आमच्यासारखं घर राहिलं, की बायको झाली?