चीटग्रास जाळून जात नाही

चीटग्रास हे अमेरिकेत बाहेरून येऊन माजलेलं एकवर्षायू गवत. ‘नेवाडातलं चीटग्रास एकदा पेटवून द्या, मग देशी गवताचं बी फेका’ ही सूचना ऐकायला सोपी आहे, पण आगीनेच तर या गवताचं फावतं. ते शरदातल्या पावसावर उगवतं, हिवाळाभर मुळं खाली सोडतं आणि जूनच्या आसपास वाळून खडखडीत होतं. तेव्हा देशी बहुवर्षायू गवतं अजून हिरवी असतात. ठिणगी पडली की सगळंच जातं. तिथला मोठा सेजब्रश (तिथलं देशी झुडूप) तर बुंध्यातून पुन्हा फुटतही नाही. २०१५ च्या ‘सोडा’ नावाच्या वणव्यात आयडाहो-ओरेगन सीमेवर सुमारे २ लाख ८० हजार एकर जळालं.

चीटग्रासची दुखरी नस एकच: त्याचं बी मातीत फार टिकत नाही, बहुतेक दोन-तीन वर्षांत संपतं. म्हणून इंडाझिफ्लामसारखं, मातीत काही वर्षं टिकणारं तणनाशक. ते मातीच्या वरच्या थरात बसून कोवळ्या रोपाची मुळंच वाढू देत नाही. खोल मुळांच्या जुन्या गवताला सहसा धक्का लागत नाही. पण मग तुम्ही पेरलेलं देशी बीही तिथेच मरणार! त्यामुळे देशी गवताचे ठोंब शिल्लक आहेत तिथेच हे तणनाशक फवारावं, या मताचा मी आहे.

सेजब्रशचं बी जेमतेम खसखशीएवढं. खोल गाडलं की वाया. हिवाळ्यात वरच्यावर, जमल्यास बर्फावरच टाकायचं. आणि पेरणीनंतर निदान दोन हंगाम गुरं बाहेर, रँचवाले कितीही कुरकुरले तरी. चीटग्रासच माजलंय तिथे मात्र शरदात गुरं घालून वाळलेलं गवत चारून कमी केलेलं बरं.