४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

ए-४०२ :
दहावीतील आपल्या मुलीने समूहावर विचारले आहे की, २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येणारी ही संख्या मूळ आहे का. नाही, ती ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. मात्र फर्मासारख्या मोठ्या गणितज्ञाने सतराव्या शतकात ती मूळ मानली होती, कारण २ चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवल्यास येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ आहेत. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये पत्रातून हा प्रश्न ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञापुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा विभाजक दाखवून दिला.

सी-१०३ :
काका, संगणक नसताना ६४१ पर्यंत पोहोचायला किती भागाकार करावे लागले असतील?

ए-४०२ :
ओळीने मूळ संख्या घेतल्या तर ६४१ ही ११६ वी येते. ही संख्या खरोखर मूळ असती, तर खात्रीसाठी ६५,५३६ पर्यंतच्या सर्व ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलरने पुढे सिद्ध केलेल्या नियमानुसार हिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने अधिक असतो, म्हणून १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांच्यानंतर पाचव्याच प्रयत्नाला ६४१ हाती लागतो.

मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की भागाकार न मांडताही याची सिद्धता देता येते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्या मांडणीनुसार ५ गुणिले १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ धरता येते, म्हणजे ती संख्या ६४१ च्या पटीहून १ ने कमी आहे. १२८ हा २ चा ७ वा घात आहे. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ होते. दुसऱ्या मांडणीमुळे ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात, म्हणजे उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ येते. म्हणून त्या घातात १ मिळवला की ६४१ ने निःशेष भाग जातो. वहीत एकदा स्वतः मांडून पाहावे, फार समाधान मिळते.

बी-२०१ :
मग ६७,००,४१७ चे आणखी अवयव पडत नाहीत का, आणि पुढच्या संख्यांचे काय?

ए-४०२ :
ताई, ती मूळच आहे, आणि तोच नियम वापरून २,५८८ पर्यंतचे मोजके विभाजक तपासले की खात्री होते. ६५,५३७ नंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ च्या ६४ व्या घाताहून १ ने मोठ्या संख्येचा २,७४,१७७ हा विभाजक क्लाउझेन या गणितज्ञाने १८५५ मध्ये शोधला. मुलीने या विभाजकातून १ वजा करून २५६ ने भागावे, नेमके १,०७१ येतात, म्हणजे हाही २५६ च्या पटीहून १ ने अधिक आहे.