प्रतिसाद: चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही?

म्हापशाच्या बाजारातल्या एका सुरीवर 'डी२' (पोलादाची एक ग्रेड) असा छाप आहे; तिला चुंबक चिकटलं, म्हणून ती स्टेनलेस नाही, असा निष्कर्ष इथे कुणी काढला आहे. तो बरोबर नाही. ४२०, ४४०सी ही सुऱ्यांची स्टेनलेस पोलादंही चुंबकाला चिकटतात. चिकटत नाही ते ताटवाट्यांचं ३०४, आणि त्याला धार टिकत नाही.

पातं आधी थिनरने पुसा. तेल किंवा लाखेचा हात राहिला तर पुढची चाचणी फसते. मग मुठीजवळ माडाच्या व्हिनेगरचा थेंब अर्धा तास ठेवा. साधं कार्बन पोलाद करडं-काळं पडतं (गाडीच्या कमानपाट्याचे कोयतेही असेच काळे पडतात), स्टेनलेस चकचकीत राहतं. डी२ मात्र मधलं: गंज रोखणारं क्रोमियम सुमारे १२ टक्के, पण कार्बन दीड टक्का. बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनशी झालेल्या कठीण संयुगात) अडकतं, म्हणून डाग कमी पडतात, पण पावसाळ्यात गंज धरू शकतो. थेंबावरून ग्रेड ठरत नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्यांनी फारतर कार्बन जास्त की कमी एवढं कळेल. धारेवर तर ग्राइंडर मुळीच नको, तापून पाणी (कडकपणा) उतरतं.

खात्री हवी तर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी तपासणी. क्रोमियमसोबत मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम प्रत्येकी पाऊण-एक टक्का दिसले, तर डी२ असण्याची शक्यता बळावते. सोनाराचं एक्सआरएफ यंत्र सोन्यासाठी जुळवलेलं असतं, त्यावरचे पोलादाचे आकडे धरू नका. शिवाय एक्सआरएफ कार्बन मोजत नाही. कार्बनला स्पार्क स्पेक्ट्रोमीटर (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं यंत्र) लागतो, आणि तो पात्यावर जळका ठिपका सोडतो.