कान ठीक आहेत, मग बोलणे मुलापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न (एक आई, परभणी)

नमस्कार. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा असून त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचे निदान झालेले आहे. त्याची बेरा तपासणी केली तेव्हा दोन्ही कान व्यवस्थित असल्याचा अहवाल आला. तरीही नावाने हाक मारली तर तो बहुधा वळून पाहत नाही. मी परातीत भाकरी थापायला लागले की मात्र तेवढ्या आवाजावर आतल्या खोलीतून उठून येतो, परातीच्या काठावर बोटे टेकवून उभा राहतो आणि भाकरी तव्यावर पडेपर्यंत हलत नाही. बोअरची मोटर सुरू झाली की दोन्ही कानांवर हात ठेवतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की त्याचा मामाही उशिराच बोलला होता. शेजारी म्हणतात की आईने मुलाशी पुरेसे बोलायला हवे होते. ज्याला भाकरीची थाप ऐकू येते, त्याच्या मेंदूत माझ्या बोलण्याचे नेमके काय होते, हे कोणी जाणकाराने समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर (वाक् व भाषा चिकित्सक, नांदेड)

ताई, शेजाऱ्यांचे म्हणणे आधी मनातून काढून टाका. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हा समज एकेकाळी डॉक्टरांमध्येही होता. बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1964 मध्येच त्याचे सविस्तर खंडन केले आणि ऑटिझमचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे मांडले.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. बेरा तपासणीत साधारणपणे टकटक असे छोटे आवाज कानात सोडतात आणि ते कानापासून मेंदूच्या देठापर्यंत पोहोचतात का, एवढेच पाहतात. हा सारा प्रवास सुमारे 10 मिलिसेकंदांत आटोपतो. बोलणे ओळखण्याचे काम त्याच्या पुढे, मेंदूच्या बाह्यपटलात सुरू होते, आणि त्याविषयी हा अहवाल काहीच सांगत नाही. ‘प’ आणि ‘ब’ यांतील फरक मुख्यतः ओठ उघडण्याच्या किती आधी किंवा नंतर कंठातला नाद सुरू होतो यावर ठरतो, आणि ते अंतर मिलिसेकंदांत मोजावे लागते. आपल्या भाषेत त्यांच्या जोडीला ‘फ’ आणि ‘भ’ही आहेत. बोलण्याच्या ओघात असे असंख्य फरक मेंदूला चालता चालता टिपावे लागतात.

फिलाडेल्फियातील मुलांच्या रुग्णालयातील संशोधकांनी 2010 मध्ये मेंदूतील चुंबकीय लहरी मोजून दाखवले की, आवाज कानी पडल्यावर साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उमटणारा प्रतिसाद ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या उजव्या भागात सरासरी 11 मिलिसेकंद उशिरा येतो. हे आवाज साधे सूर होते, शब्द नव्हते. एका सुरासाठी ही दिरंगाई किरकोळ वाटते. पण अक्षरामागून अक्षर येत असताना ती साचत जात असावी, असे मला वाटते.

तुमच्या मुलाचे वर्णन वाचून मला आणखी एक अभ्यास आठवला, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांना एकसारखे आवाज ऐकवून मध्येच एखादा वेगळा आवाज सोडला जात असे आणि डोक्यावरील इलेक्ट्रोडांतून मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात. बदल झाला हे त्यांच्या मेंदूने टिपले होते. साधा सूर बदलला तेव्हा लक्षही आपोआप तिकडे वळले. पण बदल स्वराचा, म्हणजे बोलण्यातल्या ध्वनीचा, असेल तर लक्ष वळल्याची खूण दिसली नाही. म्हणजे ध्वनी पोहोचतो, फरकही उमटतो, पण बोलणे मेंदूला आपल्याकडे ओढून घेत नाही. भाकरीच्या थापेवर येणारा आणि हाकेवर न येणारा तुमचा मुलगा मला याच चित्रात बसणारा वाटतो.

उत्तर (विशेष शिक्षक, लातूर)

वरील विवेचनाला एक पुस्ती जोडतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2005 मध्ये शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या लहान मुलांना दोन पर्याय दिले होते: आई बाळाशी बोलते तसे लाडिक बोलणे, किंवा त्याच चढउतारांचा पण शब्द नसलेला यांत्रिक आवाज. ऑटिझम असलेल्या मुलांचा गट एकूण यांत्रिक आवाजाकडे अधिक वळला. मात्र त्यांच्यातील ज्या मुलांना बोलणे आवडले, त्यांच्या मेंदूने अक्षरांतील बदल ऑटिझम नसलेल्या मुलांसारखाच टिपला. ऑटिझम असलेली सगळी मुले एकाच साच्यातली नसतात, हे पालकांनी यातून जरूर घ्यावे. हे सर्व निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, त्यामुळे अशा लहरी मोजून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही. तसे सांगून कोणी महागडी तपासणी सुचवली तर अवश्य दुसरे मत घ्या.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. आमच्या घरावर पत्रे आहेत, पंखा कायम चालू असतो आणि टीव्हीही बहुतेक वेळ सुरू असतो. मी मोठ्याने बोलले तर उपयोग होईल का?

उत्तर (वाक् व भाषा चिकित्सक, नांदेड)

मोठ्याने बोलू नका, ताई. मोटरीच्या आवाजाने जो कान झाकतो, त्याला चढा आवाज त्रासदायक ठरण्याचीच शक्यता अधिक आहे. त्यापेक्षा भोवतालचा गोंगाट कमी करा, कारण गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे या मुलांपैकी अनेकांना इतरांपेक्षा अवघड जाते, आणि पत्र्याच्या खोलीत तर आवाज घुमून अक्षरे एकमेकांत मिसळतात. बोलायचे असेल तेव्हा टीव्ही बंद ठेवा, भिंतीला जाड गोधडी टांगा, त्याच्या समोर, त्याच्या उंचीवर बसा आणि दोन-तीन शब्दांचेच वाक्य बोला. बोलून झाल्यावर थांबा. उत्तर आले नाही म्हणून आपण लगेच तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगतो, तेव्हा पहिल्याची उकल चालू असतानाच त्याच्यावर दुसरे येऊन आदळते. मनात सावकाश दहा अंक मोजण्याइतका वेळ त्याला द्या.

भाकरीची वेळ तर अजिबात सोडू नका. त्या वेळी त्याचे लक्ष आपणहून तुमच्या हातांकडे आलेले असते. थाप थांबवा, त्याच्याकडे पाहून ‘भाकरी’ एवढेच म्हणा, थांबा आणि मग पुन्हा थापा. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार देणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना या सेवा मोफत आहेत. तेथील वाक् चिकित्सकांना भाकरीच्या थापेची ही गोष्ट आवर्जून सांगा, कारण तो कोणत्या आवाजाकडे आपणहून वळतो हे कळले की पुढील आखणी तेथूनच सुरू करता येते.